22 फुटी शिडाच्या होडीच्या डोलकाठीवरचा दिवा बदलायचा आहे. वर चढावं की काठी उतरवावी? आम्ही दोघंच आहोत.

काठी उतरवा. 70 किलोचा माणूस 8 मीटर उंचीवर असताना एवढी लहान होडी फक्त 10 अंश कलली, तरी तो मधल्या रेषेपासून 1.4 मीटर बाहेर जातो, म्हणजे होडीच्या काठाच्याही पलीकडे. हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा) कितीही चांगला असला तरी होडी कलंडणं त्यानं थांबत नाही.

तुमची काठी केबिनच्या छतावर बिजागरीवर उभी आहे असं धरतो. 8 मीटरची ॲल्युमिनियमची काठी तारांसकट साधारण 25 किलो भरते. उभी असताना ती सहज तोलता येते आणि तिथेच माणूस फसतो. नाळेवरून (होडीच्या पुढच्या टोकावरून) थेट दोर धरून सोडत गेलात, तर खाली येताना दोर आणि काठी जवळजवळ एका रेषेत येतात. मग दोराला पकड उरत नाही आणि शेवटच्या टप्प्यात काठी धाडकन आदळते.

म्हणून 2 मीटरचा मजबूत पाइप काठीच्या बुंध्याशी, पुढच्या बाजूला काटकोनात बसवा. त्याच्या टोकाला जिबचा हॅलयार्ड (पुढचं शीड वर चढवायचा दोर) ताणून बांधा आणि त्याच टोकापासून नाळेपर्यंत मेनशीटच्या (मुख्य शीड आवळायच्या दोराच्या) चारपदरी कप्प्या लावा. काठी आडवी होताना कप्प्यांवर 60-65 किलो ओढ येते, हातात 16-17 किलोच. दोराची लांबी आधी मोजा: नाळ अडीच मीटर पुढे असेल तर निदान 15 मीटर हवा. अर्ध्यात दोर संपला तर काठी अधांतरी राहते.

अनेक काठ्या बाजूला पडून मोडतात. बाजूच्या तारांची ठाणी (खालची टोकं अडकवायच्या जागा) डेकवर, म्हणजे बिजागरीपेक्षा खाली असतात, त्यामुळे काठी मागे झुकली की त्या तारा ढिल्या पडतात. काठीला मध्यावर दोन्ही बाजूंनी एकेक दोर बांधा आणि त्यांची खालची टोकं बिजागरीच्या उंचीला, तिच्याच रेषेत पक्की करा. तेव्हाच ते शेवटपर्यंत ताठ राहतात. पाइपाच्या टोकालाही तसेच दोन दोर हवेत, नाहीतर पाइपच लवंडतो.

शीड आणि बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) काढा, दिव्याची वायर बुंध्याशी सोडवा, मागे लाकडी घोडी उभी करा. काठीच्या मध्यापर्यंतच जाणाऱ्या आखूड तारांपैकी बुंध्याच्या पुढे डेकला बांधलेल्या सोडा, मागच्या राहू द्या. कप्प्यांवर ताण आला की मगच फोरस्टेची (काठीच्या माथ्याकडून नाळेपर्यंत येणाऱ्या तारेची) पिन काढा. एकानं दोर क्लीटवरून (दोर अडकवायच्या खुंटीवरून) सोडायचा, दुसऱ्यानं मागे बाजूला उभं राहून काठी घोडीवर घ्यायची. खाली कोणीही नको.

हे ट्रेलरवर किंवा शांत खाडीत करा. मुंबई बंदरात लाँचच्या लाटा चालू असताना नको, 8 नॉटच्या (ताशी साधारण 15 किलोमीटरच्या) वर वारा असेल तरी नको. ट्रेलरवर असाल तर आधी मान वर करून विजेच्या तारा बघा.

काठी परत उभी करताना दर दोन हातांनी थांबून टर्नबकल (तारा ताणायचे आट्याचे स्क्रू) पाहा. एखादा आडवा अडकलेला असताना जोर लावलात तर त्याचा आटा वाकतो, आणि वाकलेला टर्नबकल सरळ करून पुन्हा वापरायचा नसतो.