ढवळलेले की हलवलेले?

नागपुरातल्या सदर भागातील एका हॉटेलचे मराठी मेनूकार्ड लिहिणाऱ्याचा प्रश्न: ‘स्टर्ड’ कॉकटेलला ‘हलवलेले’ म्हणावे का, ‘स्प्लिट बेस’ला ‘विभाजित पाया’ आणि हर्बल लिक्युअरला (वनस्पती मुरवलेल्या गोड मद्याला) ‘आसव’ चालेल का? ‘ढवळलेले’ म्हटले तर गिऱ्हाइकाला गढूळ पाणी आठवेल, अशी त्याला भीती आहे. पेय आहे व्ह्यू कारे नावाचे कॉकटेल. (वर्ध्याकडच्या मंडळींनी दारूबंदीचा मान राखून हे नुसती शब्दचर्चा म्हणून वाचावे.)

‘हलवलेले’ नको. खीर आपण डावाने हलवतो आणि औषधाची बाटलीही हलवूनच घेतो. स्टर आणि शेक, दोन्ही या एकाच क्रियापदात मावतात, आणि बारमध्ये नेमका तोच फरक मोलाचा. लिंबाचा रस, क्रीम किंवा अंड्याचा पांढरा बलक असेल तर पेय शेकरमध्ये जोरात हलवतात. हवा शिरते, फेस येतो. सगळा मद्यांचाच मामला असेल तर बर्फ घालून लांब दांड्याच्या चमच्याने हळूहळू फिरवतात. पेय गार होते, बर्फाचे थोडे पाणी उतरून धार कमी होते आणि रंग नितळ राहतो. हे ढवळणेच. गढूळपणा येतो तो तळाच्या गाळामुळे, आणि इथे गाळ नाहीच. ‘घुसळलेले’ मात्र मुळीच नको. त्यात रवी आणि लोणी आले.

‘विभाजित पाया’ वाचून इमारतीला तडा गेल्यासारखे वाटते! बेस म्हणजे मुख्य मद्य. १९३०च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेल माँटेलिओनमध्ये जन्मलेल्या या पेयात ती जागा राय व्हिस्की (राय धान्याची) आणि कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) सारख्या मापाने वाटून घेतात, साधारण ३०-३० मिलि. वऱ्हाडी थाटात ‘बटईचे’ म्हणायचा मोह होतो, पण बटईच्या शेतीत पीक शेवटी दोघांत वेगळे होते, इथे दोघे एकजीव होतात. ‘निम्मी राय, निम्मी कोन्याक’ लिहा.

‘आसव’ही चुकीचे. द्राक्षासवातले मद्य आंबवण्यातून आपोआप तयार होते. बेनेडिक्टिन किंवा शार्त्रूझसारखे लिक्युअर करताना तयार मद्यार्कात वनस्पती मुरवतात, ऊर्ध्वपातन करतात, गोडी घालतात. शार्त्रूझमध्ये तर १३० वनस्पती असल्याचे सांगतात. ‘हर्बल’ला ‘औषधी’ म्हटले की लोक रात्री झोपताना दोन चमचे घेतील. ‘वनस्पतींचे लिक्युअर’ पुरे.

कार्डावर एवढेच छापा (व्हर्मुथ म्हणजे वनस्पती मुरवलेली वाइन, बिटर्स म्हणजे कडू अर्क): निम्मी राय, निम्मी कोन्याक, गोड व्हर्मुथ, चमचाभर वनस्पतींचे लिक्युअर, बिटर्सचे थेंब, बर्फात ढवळून.