पीपीटीत शब्द समोर दिसतो, पण शोधला की सापडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेसाठी तुम्ही स्थानिक इतिहास-भूगोलाची साठेक स्लाइडची पीपीटी केली आहे, शीर्षकं मराठी आणि कन्नड दोन्हींत. 'कित्तुर चन्नम्मा' सगळीकडे 'कित्तूर चन्नम्मा' करायला गेलात, तर काही ठिकाणी बदललं आणि काही ठिकाणी शब्द डोळ्यांसमोर असूनही पॉवरपॉइंट नाही म्हणतं. शिवाय अक्षर लहान केलं की ओळी मधेच तुटतात. कुणीतरी सल्ला दिला की मजकुरातली सगळी अदृश्य चिन्हं एका झटक्यात काढून टाका. तसं करू का?

नका करू, मॅडम. मी बेळगावात डीटीपीचं काम करतो. निम्म्या फायली मराठी-कन्नड मिसळ असतात, आणि हाच झटका मी एकदा देऊन बसलोय. ते पुढे सांगतो.

आधी एक साधी गोष्ट बघा. कंट्रोल-एच दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत 'पूर्ण शब्दच शोधा' या अर्थाच्या पर्यायावर टिक असेल तर काढा. आपल्या भाषेत 'चन्नम्मा' एकटी कमीच येते. चन्नम्माने, चन्नम्माचा, चन्नम्मांनी अशीच येते. मग दोन शब्द एकत्र न शोधता नुसतं 'कित्तुर' शोधा. तुमची बरीचशी ठिकाणं इथेच मिटतील, कारण गोंधळ बहुधा शब्दात नसतो, दोन शब्दांच्या मधल्या जागेत असतो.

ती जागा तीन प्रकारची असू शकते. एक आपली साधी स्पेस. दुसरी चिकट स्पेस, म्हणजे दोन शब्दांना एकाच ओळीत धरून ठेवणारी. वेबपानावरून मजकूर उचलला की ही हमखास सोबत येते. दिसायला अगदी साध्या स्पेससारखीच, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिचा क्रमांक १६० आणि साधीचा ३२, म्हणून जुळत नाही. तिसरा प्रकार म्हणजे तिथे स्पेसच नसते, लाइन ब्रेक असतो. शीर्षक बसत नाही म्हणून आपण शिफ्ट-एंटर मारून 'कित्तूर' वर आणि 'चन्नम्मा' खाली घेतो, तोच हा. पुढे अक्षर लहान केलं, जागा झाली, तरी तो तिथेच बसून राहतो. तुमच्या ओळी तुटतात त्या याच्यामुळे.

पॉवरपॉइंटची अडचण ही की वर्डसारखं लपलेली चिन्हं दाखवणारं बटणच त्यात नाही. म्हणून संशय आला की मी तेवढा मजकूर कॉपी करून वर्डमध्ये टाकतो आणि कंट्रोल-शिफ्ट-८ दाबतो. मग सगळं उघडं पडतं: साधी स्पेस म्हणजे मध्यावर एक टिंब, चिकट स्पेस म्हणजे बारीकसं वर्तुळ, लाइन ब्रेक म्हणजे डावीकडे वळलेला बाण, आणि खरा परिच्छेद म्हणजे उलट्या पी सारखं चिन्ह. एकदा डोळ्यांनी बघितलं की काय बदलायचं हे कळतं.

चिकट स्पेस पॉवरपॉइंटमध्येच बदलता येते. स्लाइडवरची ती एक स्पेस सिलेक्ट करून कॉपी करा, शोधायच्या चौकटीत पेस्ट करा, बदलायच्या चौकटीत साधी स्पेस द्या. आकडेपट्टी असलेला कीबोर्ड असेल तर अल्ट धरून ०१६० टाइप केलं तरी चालतं. पण इथेही सगळं एकदम बदलू नका. 'इ.स. १८२४' किंवा 'रायण्णांना २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडजवळ फाशी' अशा ओळीत कुणी मुद्दाम चिकट स्पेस घातली असेल, तर ती आकडा खालच्या ओळीत पडू देत नाही. ती राहू द्या.

लाइन ब्रेकचं तसं नाही. वर्डमध्ये कॅरेट (^) आणि एल (l) लिहिलं की तो सापडतो, पॉवरपॉइंटच्या चौकटीला ही खूण कळत नाही. दहा-पंधरा शीर्षकं असतील तर मजकूर वर्डमध्ये नेऊन, तिथे कॅरेट-एलच्या जागी स्पेस देऊन परत आणा. जास्त असतील तर मॅक्रो, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहून घ्या. लिहिणाऱ्याला एवढंच सांगा की लाइन ब्रेकचा क्रमांक ११, परिच्छेदाचा १३, आणि फक्त ११ बदलायचा. चौकटीतला पूर्ण मजकूर उचलून नव्याने भरणारा मॅक्रो नको, कारण मग तुम्ही ठळक आणि रंगीत केलेले शब्द सगळे एकाच साच्यात जातात.

आता शब्दाच्या आत लपलेली चिन्हं. 'कित्तुर' हा एकटा शब्दही सापडत नसेल, तर त्याच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस एकेकदा दाबा. दाबूनही काहीच पुसलं गेलं नाही असं एखाद्या वेळी दिसलं, तर तिथे शून्य रुंदीचं काहीतरी होतं. शून्य रुंदीची स्पेस असेल, क्रमांक ८२०३, तर तो खरोखर कचरा, खुशाल काढा. वर्डमध्ये कॅरेट, यू आणि ८२०३ असं शोधता येतं.

पण ८२०४ आणि ८२०५ ला हात लावताना थांबा. माझी चूक इथेच झाली होती. एका शाळेसाठी पश्चिम घाटाची पीपीटी होती, मलप्रभा कणकुंबीला उगम पावते तिथपासूनची. मी सगळा मजकूर शून्य रुंदीची चिन्हं पुसणाऱ्या साधनातून काढला. 'सह्याद्रीच्या दर्‍या' चं झालं 'सह्याद्रीच्या दर्या'. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. 'शेतकर्‍यांना' चं 'शेतकर्यांना' झालं. पडद्यावर ते आधी मुलांनी वाचलं आणि शिक्षकांच्या लक्षात मागून आलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण असं. आपला तो आडवा, चंद्रकोरीसारखा र दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत र, हलन्त आणि मागे ८२०५ क्रमांकाचं जोडणारं अदृश्य चिन्ह. दुसऱ्या रीतीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, अदृश्य काहीच नाही. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे. पहिल्या रीतीतलं अदृश्य चिन्ह पुसलं की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. एका फायलीत दोन्ही रीती असल्या तर शोधही फसतो, एकीने टाइप केलेला शब्द दुसरीला सापडत नाही. म्हणून मी आता सगळं ऱ वर आणतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो. स्लाइडवरचं 'र्‍य' कॉपी करून शोधा, त्याजागी 'ऱ्य' द्या. 'कुऱ्हाड', 'वऱ्हाड' साठी 'र्‍ह' चंही तसंच. एकेक ठिकाण बघत बदला, शोधताना अदृश्य चिन्ह धरलं गेलं नाही तर 'सूर्य' आणि 'कार्य' मधला खरा रफारही त्यात ओढला जाईल.

आणि तुमची कन्नड शीर्षकं. तिथे ८२०४ चं, म्हणजे दोन अक्षरांना जोडू न देणाऱ्या अदृश्य चिन्हाचं, काम मोठं आहे. 'बस्‌गळु', म्हणजे बसगाड्या, यात स पाय मोडून उभा राहतो आणि ग त्याच्या शेजारी येतो, तो या चिन्हामुळेच. ते पुसलं की ग खाली ओत्तक्षर होऊन स ला लटकतो. इंग्रजी शब्दाला कन्नड प्रत्यय लागला की हे सतत येतं: बँक, पोस्ट, हायस्कूल, सगळीकडे. आपल्यापैकी ज्यांना कन्नड वाचायला जड जातं त्यांच्या हे नजरेतून सुटतं, पण गावातला कन्नड माणूस पहिल्याच स्लाइडला थांबतो. त्याचं लिखाणही आपल्याइतकंच नीट असायला हवं, म्हणून कन्नड ओळी या साफसफाईतून पूर्ण बाजूला ठेवा आणि शेवटी एखाद्या कन्नड शिक्षकांकडून वाचून घ्या.

फायलीची एक प्रत आधी वेगळ्या नावाने ठेवा, मगच सुरू करा. पहिल्यांदा कित्तूर, मग चिकट स्पेस, मग शीर्षकांतले लाइन ब्रेक, सगळ्यात शेवटी ऱ. काम झालं की 'दऱ्या', 'शेतकऱ्यांना' आणि कन्नडमधला एखादा 'गळु' वाला शब्द असलेल्या स्लाइड शाळेतल्याच प्रोजेक्टरवर लावून मोठ्याने वाचा. एखादा शब्द तरीही अडला तर तो इथेच खाली पेस्ट करा, त्यात काय लपलंय ते मी बघून सांगतो.