दिसलेली खूण आणि चोरलेली खूण

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: ‘ह्यूस्टन ॲस्ट्रोज या अमेरिकेतल्या बेसबॉल संघाने समोरच्या संघाच्या खुणा चोरल्या म्हणून एवढं रान उठलं. पण आपल्या क्रिकेटमध्येही बॅट्समन बॉलरचा हात बघूनच खेळतो. मग खूण ओळखणं ही फसवणूक कशी? आणि तुम्ही स्वतः बॅटिंग करत असताना अशी खूण मिळाली असती, तर घेतली नसती का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मी घेतली आहे. म्हणूनच हे लिहायला बसलोय.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. बॅटरच्या मागे कॅचर बसतो, आपल्या विकेटकीपरसारखा. पण पुढचा बॉल कोणता टाकायचा हे तिथे बहुतेक वेळा कॅचर सुचवतो. उकिडवं बसून मांड्यांच्या मधे तो बोटं दाखवतो. साधारणपणे एक बोट म्हणजे वेगवान फास्टबॉल, दोन म्हणजे वळणारा कर्व्ह. बॅटरचं तोंड पिचरकडे, म्हणजे बॉल टाकणाऱ्याकडे, त्यामुळे त्याला ती बोटं दिसत नाहीत. पिचर सुमारे १८ मीटरवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास बॉल टाकतो, म्हणजे बॅटरच्या हातात जेमतेम ०.४ सेकंद. पुढचा बॉल वेगवान की हळू, हे आधीच कळलं तर अर्धं काम झालं.

आता पिचरच्या मागे असलेल्या सेकंड बेसवर बॅटिंग संघाचा धावपटू उभा असेल तर त्याला कॅचरची बोटं समोर दिसतात. त्याने ती वाचली आणि काही हालचाल करून बॅटरला कळवलं, तर नियमात तो गुन्हा नाही. पूर्वापार चालत आलंय हे. म्हणून तर तिथे धावपटू आला की पिचर आणि कॅचर खुणा बदलतात.

ॲस्ट्रोजचं वेगळं होतं. २०१७ च्या हंगामात त्यांच्या घरच्या मैदानावर सेंटर फील्डच्या, म्हणजे पिचरच्या पाठीमागे लांबवर असलेल्या, कॅमेऱ्याचं चित्र डगआउटमागच्या (खेळाडू बसतात त्या जागेमागच्या) बोळात लावलेल्या स्क्रीनवर यायचं. तिथला माणूस बोटं वाचायचा आणि शेजारच्या कचऱ्याच्या डब्यावर ठोकायचा. आवाज आला की हळू किंवा वळणारा बॉल, शांतता असली की फास्टबॉल. त्याच वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सना हरवून ते वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथलं विजेतेपद, जिंकले. नोव्हेंबर २०१९ मध्ये माइक फायर्स या त्याच संघातून खेळलेल्या पिचरने स्वतःच्या नावानिशी हे सांगितलं. मग टोनी ॲडम्स नावाच्या ह्यूस्टनच्याच एका चाहत्याने त्या हंगामातले ८,२०० हून जास्त बॉल व्हिडिओवर ऐकून काढले आणि डब्याचे आवाज मोजले. ते ११०० च्या वर भरले. ज्या संघावर जीव आहे त्याचीच चोरी अशी मोजत बसायला काळीज लागतं.

तुमचा मुख्य प्रश्न: बघणं आणि चोरणं यात फरक काय? सचिन तेंडुलकरने स्वतः सांगितलेली एक गोष्ट आहे. न्यूझीलंडचा ख्रिस केर्न्स रिव्हर्स स्विंग करत होता आणि बॉल कुठे वळणार हे जिच्यावरून कळतं ती चकचकीत बाजू झाकून आणायचा. तेव्हा सचिनने राहुल द्रविडला सांगितलं, तू नॉन-स्ट्रायकरला जवळून बघ, आणि बॉल कुठे जाणार ते बॅट कोणत्या हातात धरतोस त्यावरून मला दाखव. द्रविडने दाखवलं. काहीतरी चाललंय हे शेवटी केर्न्सच्याही लक्षात आलं. मला यात चोरी दिसत नाही. द्रविड तिथे केर्न्सच्या शेजारी उभा होता. केर्न्सला त्याला आऊट करता येत होतं, त्याच्यापासून बॉल लपवता येत होता, ग्रिप बदलता येत होती. माझी कसोटी एवढीच आहे: ज्याची खूण वाचली जाते, त्याला आपल्याकडे कोण बघतंय हे दिसतं का? दिसत असेल तर तो खेळ आहे. बोळात बसलेला माणूस पिचरला कधीच दिसत नाही.

या कसोटीवर काही प्रकरणं काठावर येतात. १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या हॅन्सी क्रोनिएने भारताविरुद्ध कानात यंत्र घालून कोच बॉब वूल्मरशी बोलणं ठेवलं होतं. ते थांबवावं लागलं. मार्च २०१७ मध्ये बंगळुरू कसोटीत स्टीव्ह स्मिथने डीआरएस घेण्याआधी ड्रेसिंग रूमकडे बघितलं आणि विराट कोहली भडकला, ते बरोबरच होतं. २०२० मध्ये इंग्लंडच्या विश्लेषकाने दक्षिण आफ्रिकेत बाल्कनीतून अक्षरं-आकड्यांची पाटी लावून कॅप्टन ऑइन मॉर्गनला सल्ले दिले, त्याला सामनाधिकाऱ्यांची परवानगी होती. मला ते आवडलं नाही, पण पाटी सगळ्यांसमोर होती. चोरी म्हणणार नाही.

आता माझं.

एप्रिल १९९८. सांगली जिल्ह्यातलीच एक लेदर बॉलची स्पर्धा, मॅटिंगवर. मी तेव्हा २४ वर्षांचा, तीन नंबरला खेळायचो. फायनलला समोर तासगावकडचा एक संघ होता, आणि त्यांच्याकडे सतरा वर्षांचा एक लेगस्पिनर. मॅटिंगवर लेगस्पिन काय उसळते ते खेळलेल्यालाच कळेल. सेमीफायनलला पोराने पाच काढल्या होत्या. त्याची गुगली, म्हणजे लेगब्रेकसारखी दिसून उलटी वळणारी, हातातून ओळखता येत नव्हती. आम्ही बाउंड्रीवर बसून डोळे फोडून बघितलं, नाहीच कळली. त्यांच्या कीपरलाही कळत नसावी, कारण दोघांत खूण ठरलेली होती: कीपर बॅट्समनच्या मागे बसताना डावा ग्लोव्ह गुडघ्यावर टेकवायचा, त्या बॉलला गुगली.

हे बॅट्समनला दिसत नाही, पण समोरच्या टोकाच्या मागे बसलेल्याला दिसतं. मैदानाच्या त्या बाजूला पाण्याची टाकी होती. आमच्यातल्या एकाचे मामा मिलिटरीतून रिटायर होऊन आलेले, त्यांची दुर्बीण होती. फायनलच्या दिवशी आमचा बारावा माणूस दुर्बीण आणि काळी छत्री घेऊन टाकीखालच्या कट्ट्यावर बसला. उन्हात छत्री घेऊन बसलेल्याकडे कोण बघतंय? छत्री डोक्यावर सरळ असली की लेगब्रेक, खांद्यावर कलली की गुगली. टाकीच्या टोकाकडून वारा साथ देतो म्हणून पोरगा सगळ्या ओव्हर तिथूनच टाकत होता. बॅट्समनने नुसती नजर वर करायची.

मी ५८ केल्या. त्याने सात ओव्हरमध्ये साठच्या वर दिल्या, विकेट नाही.

एक बॉल मला अजून दिसतो. छत्री कलली. मी बॉल पडायच्या आधीच मागच्या पायावर गेलो आणि मिडविकेटवरून मारला. गुगलीला कोणी आधीच असं मागे जात नाही, जाऊ शकत नाही. पोरगा फॉलोथ्रूमध्ये थांबला. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही. उजव्या हाताची बोटं डोळ्यांसमोर धरून बघत राहिला, मग खाली वाकून माती चोळली आणि पुन्हा बघितली. पुढच्या ओव्हरला कॅप्टनने त्याला काढला.

आम्ही ढाल जिंकली, स्टेशन चौकात फटाके लावले. टाकीखाली काय चाललं होतं हे आमच्यातले सगळे जाणून होते आणि कोणी ब्र काढला नाही. मीही नाही.

लोक खुणा चोरण्याचा हिशेब रन आणि विजय यांत मांडतात. माझं म्हणणं वेगळं आहे. चोरीला खूण जात नाही, समोरच्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास जातो. आणि आपल्याला लुटलंय हे त्याला कळत नसल्यामुळे तो दोष स्वतःलाच देतो. घरफोडी झालेल्या माणसाला निदान तुटलेलं कुलूप तरी दिसतं.

माइक बोल्सिंगर हे नाव बेसबॉलबाहेर फार कोणाला माहीत नसेल. टोरंटोचा पिचर. ४ ऑगस्ट २०१७ ला ह्यूस्टनमध्ये त्याला उतरवलं. त्याने एकच आऊट मिळवला, चार रन दिले, आणि सामना संपल्यावर त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये, तो परत कधीच खेळला नाही. पुढे जपानमध्ये जाऊन खेळला. ॲडम्सच्या मोजणीत सगळ्यात जास्त ठोके ज्या सामन्यात निघाले, तो हाच सामना. दोन वर्षं त्या माणसाला वाटत होतं की आपण संपलो.

त्याच्याही आधीचा राल्फ ब्रँका. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या बॉबी थॉमसनने त्याच्या बॉलवर होमरन (आपल्या सिक्ससारखा फटका) मारून ब्रुकलिन डॉजर्सच्या हातचं विजेतेपद काढून घेतलं. अमेरिकेतला तो बहुधा सगळ्यात गाजलेला होमरन. त्या हंगामात जायंट्सनी सेंटर फील्डमागच्या खोलीत दुर्बीण लावून खुणा वाचल्या आणि विजेच्या घंटीने त्या मैदानात पोचवल्या, हे पक्क्या पुराव्यानिशी लोकांसमोर यायला २००१ उजाडलं. त्या बॉलला आपल्याला खूण मिळाली नव्हती असं थॉमसन सांगत राहिला. ब्रँकाला मात्र पन्नास वर्षं लोक ‘तो बॉल टाकणारा’ म्हणूनच ओळखत होते. आमच्या छत्रीचं जे काम, तेच तिथल्या घंटीचं.

शिक्षेचं म्हणाल तर जानेवारी २०२० मध्ये मेजर लीगने ह्यूस्टनला ५० लाख डॉलर दंड केला, दोन वर्षांचे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतले नवे खेळाडू निवडायचे हक्क काढून घेतले, आणि जनरल मॅनेजर जेफ लुनो व मॅनेजर ए. जे. हिंच यांना वर्षभर बंदी घातली. मालकाने दोघांना त्याच दिवशी काढूनही टाकलं. पण खरं बोलण्याच्या बदल्यात खेळाडूंना अभय दिलं होतं, त्यामुळे प्रत्यक्ष बॅट फिरवणाऱ्या एकालाही शिक्षा झाली नाही. विजेतेपदही काढून घेतलं नाही. कमिशनर रॉब मॅनफ्रेड तर त्या ट्रॉफीला धातूचा तुकडा म्हणाले आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. मला हे पटत नाही. आमची ढालसुद्धा परत घ्यायला हवी होती. आणि छत्री धरणाऱ्यापेक्षा छत्रीकडे बघून खेळणारा, म्हणजे मी, जास्त दोषी होतो.

त्याच प्रश्नाखाली आणखी एकाने लिहिलंय की ‘हे म्हणजे नुरा कुस्तीच’. नाही. आपल्या भागात नुरा शब्द सगळ्यांना कळतो. कुंडलच्या मैदानात एखादी जोड नुसतीच खडाखडी करत राहिली की लोक ‘नुरा, नुरा’ ओरडतात. नुरा कुस्तीत दोन्ही पैलवान सामील असतात आणि फसतो तो बघणारा. २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या बॉलरनी पैसे घेऊन नो-बॉल टाकले, ते त्या जातीतलं. खूण चोरण्यात एक पैलवान जीव तोडून खरी कुस्ती खेळत असतो. म्हणून मला ती नुरापेक्षा वाईट वाटते.

उपाय निघालाय. २०२२ पासून मेजर लीगमध्ये पिचकॉम नावाचं यंत्र आलं: कॅचर बटण दाबतो आणि पिचरला टोपीतल्या छोट्या स्पीकरमधून ऐकू येतं. बोटं दाखवायची गरज उरली नाही. आपल्याकडे गावच्या स्पर्धेत असलं काही येणार नाही. मी रविवारी पोरांना शिकवतो. स्मृती मानधना सांगलीतच वाढली, त्यामुळे आता नेटला मुलीही पुष्कळ येतात. कीपरना मी सांगतो की दर दोन ओव्हरला खूण बदला, आणि साइट स्क्रीनच्या मागे एकच माणूस सारखा बसलेला दिसला तर अंपायरला सांगा.

फेब्रुवारी २०२० मध्ये बोल्सिंगरने ह्यूस्टनवर दावा लावल्याची बातमी वाचली, आणि मला झोप लागेना. तो तासगावकडचा पोरगा आता मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानावर असतो हे मला माहीत होतं. २२ वर्षांत कितीदा तरी लांबून बघून रस्ता बदलला होता. लॉकडाउन लागायच्या आदल्या आठवड्यात गेलो. सौदे संपले होते, सगळीकडे पिवळी धूळ. त्याने चहा मागवला. मी दुर्बीण, छत्री, टाकी, सगळं सांगितलं.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सगळ्या गुगली कळत होत्या?”

“सगळ्या.”

“मी त्या मे महिन्यात ग्रिप बदलली, दादा. मला वाटलं, माझा हातच कळाय लागलाय. घरामागच्या भिंतीवर टाकून टाकून मनगट सुजलं. गुगली गेली ती गेली, मागनं लेगब्रेक पण गेला.”

समोर नमुन्याच्या ताटात हळदीचे गड्डे होते. त्यातला एक गोल गड्डा त्याने उचलला, बोटं आडवी टाकून धरला आणि मनगट आत वळवून माझ्यासमोर केला.

“हे बघा. असं सोडत होतो. ह्यात काय दिसतंय?”

“काही दिसत नव्हतं,” मी म्हणालो.