तुमचे प्रश्न : सत्ताविसाव्या संस्थेनंतर काय?

प्र. अमेरिकेच्या ‘एनआयएच’ची (वैद्यकीय संशोधन करणाऱ्या सरकारी संस्था-केंद्रांच्या समूहाची) घडी बदलणाऱ्या 2006च्या कायद्यानंतर तिथे नवी संस्था काढताच येत नाही, हे खरे का?

उ. काढता येते, पण आधी जागा रिकामी करून. नाव 2006चे असले तरी या ‘एनआयएच रिफॉर्म अ‍ॅक्ट’वर राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली 15 जानेवारी 2007 रोजी. संस्था आणि केंद्रे मिळून 27च्या वर जायची नाहीत, असे त्यात ठरले, आणि 27 तर तेव्हाच भरली होती. त्याआधी एकेका आजाराचे पाठीराखे संसदेत जोर लावून स्वतंत्र संस्था पदरात पाडून घेत.

या मर्यादेचा काच 2011 मध्ये जाणवला. प्रयोगशाळेतले शोध रुग्णापर्यंत लवकर पोचावेत म्हणून ‘एनकॅट्स’ केंद्र काढायचे ठरले, तेव्हा ‘एनसीआरआर’ हे संशोधनाची साधने पुरवणारे जुने केंद्र मोडावे लागले. नुसती पाटी उतरवून हे भागत नाही. चालू अनुदानांना नवे घर द्यावे लागते. रुग्णालयीन संशोधनाची मोठी अनुदाने एनकॅट्सकडे गेली, माकडांवरील संशोधनाची केंद्रे संचालकांच्या कार्यालयाकडे, तर कमी निधी मिळणाऱ्या राज्यांची योजना सामान्य वैद्यकीय विज्ञान संस्थेकडे. सगळी डोकेदुखी या वाटपातच असते.

प्र. मग कोणती संस्था ठेवायची, हे कोण ठरवते?

उ. त्यासाठी याच कायद्याने एक आढावा मंडळ नेमले. शिफारस झाली की विलीनीकरण झालेच, असे मात्र नाही. मद्यपान आणि अमली पदार्थ यांवरच्या दोन संस्था एकत्र कराव्यात, असे मंडळाने 2010 मध्ये सुचवले. कागदावर ते पटण्यासारखेच होते. तरी 2012 मध्ये एनआयएचने बेत सोडला आणि दोघींनी मिळून काम करावे, एवढ्यावर भागवले.

प्र. कायद्यात 2007साठी 30.3 अब्ज डॉलर आहेत, हातात कमी का पडले?

उ. कायद्यातला आकडा ही फक्त परवानगी. पैसा दरवर्षीच्या खर्चमंजुरीतून येतो, आणि त्या वर्षी तो सुमारे 29 अब्ज होता.

आणखी एक. याच कायद्यामुळे एनआयएचचे रोगनिहाय खर्चाचे तक्ते एकाच पद्धतीने बनू लागले. पण त्यांची बेरीज करू नका. मधुमेहींच्या हृदयविकारावरचा एकच प्रकल्प दोन्ही रकान्यांत येतो, त्यामुळे बेरीज एकूण निधीच्या पुढे जाते.