गुण किती, यापेक्षा गुण कधीचे?

ऑनलाइन फँटसी रोल-प्लेइंग गेमबद्दल समीक्षक एक सांगतात आणि खेळणारे दुसरेच, मग पैसे कुणाच्या भरवशावर घालायचे? या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर हाच होता. त्यातली काही निवडक पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : 'फायनल फँटसी फोर्टीन'ला मेटाक्रिटिकवर (समीक्षकांच्या गुणांची सरासरी दाखवणारी वेबसाइट) एके ठिकाणी ४९ गुण आहेत, दुसरीकडे ८३. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) तर त्याच्या नव्या भागाला खेळणाऱ्यांनी झोडपलंय. खरं काय धरायचं?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : तिन्ही खरं आहे. फक्त ती तीन वेगवेगळ्या वेळची मतं आहेत.

४९ गुण सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीचे. त्या आवृत्तीत साधा मेनू उघडायचा तरी सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहावी लागे, डोंगरदऱ्यांचे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा चिकटवलेले होते, आणि ठरावीक वेळ खेळलं की अनुभवाचे गुण मिळणं कमी होत जाई. पुढे या गेमची सूत्रं हाती घेणारे नाओकी योशिदा यांनीच सांगितलेला एक नमुना बोलका आहे. सजावटीच्या एका कुंडीला खेळाडूच्या पात्राइतके पॉलिगॉन (चित्र ज्यांनी बनतं ते छोटे तुकडे) दिलेले होते. मग पडद्यावर गर्दी झाली की कॉम्प्युटर धापा टाकणारच. डिसेंबर २०१० मध्ये योशिदा यांच्याकडे सूत्रं गेली, नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद झाले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये जवळजवळ नव्याने बांधलेला 'अ रेल्म रिबॉर्न' आला. ८३ गुण त्याचे. म्हणजे तेसुद्धा दशकभर जुनेच.

आता नव्या भागाचं. २०२४ च्या 'डॉनट्रेल'मध्ये लढायांची रचना बहुतेकांना आवडली, कथेचा संथपणा मात्र खेळणाऱ्यांना खटकला. आधीच्या 'एंडवॉकर'ने वर्षानुवर्षं चाललेली कथा शेवटाला नेली होती, त्यामुळे अपेक्षा आभाळाला टेकलेल्या. पण तुम्ही आज सुरुवात केलीत तर तिथवर पोचायलाच काही शे तास जातील. ती तक्रार तुमच्या वाट्याची नाही. तुमच्या वाट्याची तक्रार वेगळी आहे : लेव्हल ५० नंतरचा, निरोप पोचवत फिरण्याच्या कामांनी भरलेला टप्पा. ऑगस्ट २०२० मध्ये त्याला कात्री लागली. म्हणून त्याआधीचे 'इथे कंटाळून सोडला' छापाचे अभिप्राय निम्मेच धरा. निम्मे, कारण तो टप्पा आजही रेंगाळतोच.

प्रश्न : परदेशी समीक्षक लिहितात लढाई एकदम सुरळीत चालते. माझ्याकडे फायबर कनेक्शन आहे, तरी शत्रूच्या हल्ल्याची जागा दाखवणाऱ्या लाल-नारिंगी वर्तुळातून बाहेर पडलो तरी मार बसतोच. खोटं लिहितात का हे लोक?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : खोटं नाही, ते सर्व्हरच्या शेजारी बसून लिहितात. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. युरोपातला सर्व्हर फ्रँकफर्टला धरला, तर सोलापूर ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत जवळपास सात हजार किलोमीटर. जाऊन-येऊन ७० मिलिसेकंद निसर्गच घेतो, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट किंवा जास्त पडतात. इथे १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला तरी एक मिलिसेकंद वाचत नाही. वेग वेगळा, अंतर वेगळं.

आधी मोजा. गेम चालू ठेवून विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधून रिसोर्स मॉनिटर, तिथे नेटवर्क टॅब आणि त्यातलं 'टीसीपी कनेक्शन्स'. गेमच्या नावापुढे लेटन्सी (जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) दिसेल. लेटन्सी स्थिर १८० असेल तर सवय होते. ६० वरून ४०० आणि पुन्हा ६० अशी उडी मारत असेल तर दोष बहुधा घरातल्या वायफायचा. राउटरपासून लॅन केबल ओढून पुन्हा मोजा, मगच कंपनीला फोन करा.

राहिलं वर्तुळाचं. 'फायनल फँटसी फोर्टीन'मध्ये मार बसणार की नाही हे शत्रूची कास्ट पट्टी (हल्ल्याची तयारी दाखवत भरत जाणारी पट्टी) संपते त्या क्षणी ठरतं. स्फोट दिसतो तो नंतर. त्यामुळे स्फोट पाहून पळू नका, पट्टी पाऊण भरली की पाय उचला. तसंच २.५ सेकंदांच्या दोन मुख्य हल्ल्यांच्या मध्ये दोन जादा कौशल्यं घुसवा असं प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. जास्त लेटन्सीवर दुसरं कौशल्य पुढच्या हल्ल्याला मागे ढकलतं. एकच घाला.

गेमनुसारही फरक पडतो. 'ओल्ड स्कूल रूनस्केप' ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, त्याला दोनशे मिलिसेकंदांचं फारसं काही वाटत नाही. 'गिल्ड वॉर्स २'मध्ये ऐन वेळी उडी मारून चुकवायचं असतं आणि त्याचे सर्व्हर अमेरिका-युरोपातच, तिथे जाणवतं. 'अल्बियन ऑनलाइन'ला २०२३ पासून आशियाचा वेगळा सर्व्हर आहे, आणि तो मोबाइलवरही चालतो. मात्र त्याच्या नकाशावरच्या काळ्या भागात, जिथे कुणीही कुणावर हल्ला करू शकतो, तिथे मेलात की अंगावरचं सामान गेलंच. तिथले निम्मे वाईट अभिप्राय नुकतेच लुटले गेलेल्यांनी लिहिलेले असतात.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. हा गेम फुकट आहे आणि समीक्षकांनी नावाजलेला आहे, असं म्हणतो. खरंच फुकट असतो का? आणि जेवायला हाक मारली की 'आत्ता थांबवता येत नाही' म्हणतो, हे खरं की बहाणा?
– एक आई, विडी घरकुल

उत्तर : थांबवता येत नाही हे खरं आहे, ताई. बाकीचे खेळाडू जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले असतात, त्यामुळे मध्येच पॉज नावाचा प्रकार नाही. साधी मोहीम अर्ध्या तासात आटोपते, मोठी रेड, म्हणजे बऱ्याच खेळाडूंनी मिळून केलेली चढाई, दोन-तीन तास चालते. 'रेड नको, मोहीम चालेल' असा करार घरात करता येतो.

पैशांचं गेमगणिक वेगळं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' लेव्हल २० पर्यंत फुकट, पुढे दरमहा वर्गणी. 'गिल्ड वॉर्स २'चा मूळ गेम २०१५ पासून फुकट, मासिक वर्गणी नाहीच, पुढचे भाग एकदाच विकत घ्यायचे. 'फायनल फँटसी फोर्टीन'चं फ्री ट्रायल ऑक्टोबर २०२३ पासून लेव्हल ७० पर्यंत आहे, दिवसांची मुदत नाही. बारावीची परीक्षा उरकून पुढचं वर्षही त्यात सहज निघेल. बंधनं एवढीच : जवळ तीन लाखांपर्यंतच गिल (गेममधलं चलन), बाजारात खरेदी-विक्री नाही, स्वतः पार्टी (खेळाडूंचा गट) बनवता येत नाही. एकदा का पैसे भरून पूर्ण गेम घेतला की त्या खात्यावर ट्रायल परत मिळत नाही, हे कार्ड देण्याआधी मुलाला विचारा. त्याला माहीत नसेल तर घाई करू नका.

एक गोष्ट कुठल्याच समीक्षेत सापडणार नाही. युरोपच्या सर्व्हरवर रात्री आठची रेड म्हणजे सोलापुरात हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. जपानच्या सर्व्हरवर तेच रात्रीचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेचार. मुलगा कुठल्या सर्व्हरवर आहे हे पाहा. झोपेचा निकाल तिथेच लागतो.

प्रश्न : दोन हजार तास खेळलेला माणूस अंगठा खाली दाखवतो. मग इतका खेळला कशाला?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : त्याचं भांडण शेवटच्या टप्प्याशी असतं. नवख्याने ३० ते १०० तास खेळलेल्यांचे अभिप्राय वाचावेत. स्टीमवर खेळलेल्या तासांची गाळणी आहे.

प्रश्न : स्टीमवर एखाद्या गेमवर अचानक लाल, म्हणजे नापसंतीच्या, अभिप्रायांचा पाऊस पडतो. घ्यावा की नाही?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : अभिप्रायांच्या वरचा आलेख उघडा. लाल खांब एकाच आठवड्यात उभा राहून खाली आला असेल तर कारण बहुधा सर्व्हरची रांग किंवा दरवाढ. २०२१ च्या सप्टेंबरात 'न्यू वर्ल्ड' आला तेव्हा पहिल्या आठवड्यात दारात गड्ड्याच्या जत्रेसारखी गर्दी, लोक तासन्‌तास रांगेत. तेव्हाचा राग रांगेवरचा होता. पुढची घट मात्र शेवटच्या टप्प्यात करायला काही उरलं नाही म्हणून, आणि ती खरी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅमेझॉनने नव्या भागांचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. म्हणजे जुना स्तुतिपर अभिप्रायही तितकाच फसवा.

लाल खांब महिन्यामागून महिने टिकला तर मात्र हात आखडा.

स्टीम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलात तर पैसे परत देतं. पण लाँचर (गेम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) उघडा राहून गेम डाउनलोड होत असेल तर तेही तास मोजले जातात. अशा गेममध्ये पात्राचं नाक-डोळे ठरवण्यातच तासभर जातो. लाँचर लावून कामाला निघून गेलात तर परतीची मुदत संपलीच. आणखी एक : 'फायनल फँटसी फोर्टीन' स्टीमवर घेतलात तर पुढचे सगळे भाग स्टीमवरच घ्यावे लागतात.

प्रश्न : ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि रोज दीड जीबी डेटा. समीक्षेत 'मध्यम कॉम्प्युटरवर चालतो' लिहिलंय.
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : समीक्षक मोकळ्या माळावर मोजतात, अडतं ते गर्दीच्या शहरात. 'गिल्ड वॉर्स २'मध्ये 'कॅरेक्टर मॉडेल लिमिट' (एका वेळी किती पात्रं दिसावीत ती मर्यादा) सगळ्यात खाली आणा, बाकी चित्र चांगलं ठेवलं तरी चालतं. मे महिन्यात फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ३० वर बांधा, नाहीतर लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो आणि दोष गेमला जातो. डेटाचा हिशेब साधा आहे : १०० जीबीचा गेम दीड जीबीने ६७ दिवस उतरेल. त्यापेक्षा फायबर असलेल्या मित्राकडे उतरवून पेन ड्राइव्हवर आणा, किंवा काहीशे एमबीत बसणारा 'ओल्ड स्कूल रूनस्केप' बघा.