पोस्टफिक्सवर मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवली, पण काही मेल बाउन्स का होतात?

संस्थेच्या डोमेनवरचा सचिवांचा पत्ता तुम्ही पोस्टफिक्समध्ये (मेल सर्व्हर चालवणारा प्रोग्रॅम) त्यांच्या जीमेलकडे वळवलाय, बरीचशी मेल पोचते पण काही परत जाते, म्हणजे बाउन्स होते, असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. म्हणजे एलियस (एका पत्त्याची मेल दुसऱ्याकडे वळवणारी नोंद) चालतोय. व्हर्च्युअल फाइलमध्ये डावीकडे जुना पूर्ण पत्ता, उजवीकडे नवा, मग पोस्टमॅप ही कमांड चालवायची, झालं. सर्व्हरवर त्या पत्त्याचा मेलबॉक्स असेल आणि तिथेही प्रत हवी असेल तर उजवीकडे स्वल्पविराम देऊन जुना पत्ताही लिहा. फक्त ते डोमेन व्हर्च्युअल एलियस डोमेन्स आणि मायडेस्टिनेशन या दोन्ही सेटिंग्जमध्ये नको.

खरी अडचण पुढे आहे. मेलचं पाकीट वेगळं आणि आतलं पत्र वेगळं. तुमचा सर्व्हर मेल पुढे ढकलतो तेव्हा पाकिटावर मूळ पाठवणाऱ्याचाच पत्ता राहतो, पण जीमेलला ती येते तुमच्या आयपीवरून. पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (त्या डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी) तुमचा आयपी कुठून असणार? एसपीएफ नापास. मेलवर डीकेआयएमची सही (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) असेल आणि ती शाबूत असेल तर निभावतं. सहीच नसेल तर लॉगमध्ये ५५० ५.७.२६ असा नकार दिसेल. तो आहे का, हे आधी बघा.

यावर उपाय एसआरएस, म्हणजे पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून लिहिणं. त्यासाठी पोस्टएसआरएसडी हा प्रोग्रॅम बसवा आणि पोस्टफिक्सच्या सेंडर कॅनॉनिकल व रिसिपियंट कॅनॉनिकल मॅप्समध्ये जोडा. पाकिटावरचा पत्ता तुमच्या डोमेनचा होतो, पत्रातला 'फ्रॉम' तसाच राहतो, बाउन्सही योग्य जागी परततात. सेंडर कॅनॉनिकल क्लासेसमध्ये मात्र फक्त एन्व्हलप सेंडर (पाकिटावरचा पाठवणारा) ठेवा, नाहीतर 'फ्रॉम'ही बदलून बसेल.

पण एसआरएसने डीमार्क ('फ्रॉम'मधलं डोमेन खरं आहे का ते तपासणारा नियम) सुटत नाही. त्याला 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळणारा एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतो, आणि इथे एसपीएफ तुमच्या डोमेनचा झालेला असतो. म्हणून सगळी भिस्त सहीवर. तुमचा स्पॅम फिल्टर विषयात 'स्पॅम' असा शिक्का मारत असेल किंवा अँटिव्हायरस खाली तळटीप चिकटवत असेल, तर सही मोडते. वळवलेल्या मेलसाठी ते बंद करा. डीमार्क कडक ठेवणाऱ्या बँकांची मेल बहुधा इथेच अडकते.

अख्ख्या डोमेनचा कॅच-ऑल (डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्यावर आलेली मेल) जीमेलकडे वळवायचा विचार असेल तर सोडून द्या. सगळा स्पॅम तुमच्या आयपीच्या नावावर जमा होईल. आणि खरं सांगायचं तर सचिवांना सर्व्हरवरच मेलबॉक्स देऊन फोनवर आयमॅपने जोडून दिलात, तर यातलं काहीच करावं लागणार नाही.