चेनसॉ पावसाळाभर बंद होती, आता दोरी ओढून ओढून सुरूच होईना. काय तपासू?

भाऊ, आधी दोरी ओढायची थांबवा. तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात बांधावरच्या बाभळी तोडल्या तेव्हा मशीन दुसऱ्या झटक्यात चालू व्हायची, आणि आता चोक लावून चाळीस-पन्नासदा ओढली तरी नुसता पेट्रोलचा वास येतो. मूळ बिघाड काही का असेना, एवढ्या ओढाओढीत मशीन ओव्हर झालीय, म्हणजे सिलिंडरमध्ये नको तेवढं पेट्रोल साचलंय. आधी ते निस्तरायचं.

मी परभणी जिल्ह्यातला. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तशी आमचीही वाळली. ती तोडायलाच जुनी चेनसॉ घेतली होती, तेव्हापासून मशीनचे रुसवे-फुगवे बघतोय.

बटण चालूच्या बाजूला आहे ना, ते बघा. हसू नका, मी एकदा अर्धा तास बटण बंद ठेवून दोरी ओढलीय.

मग प्लग काढा. ओला निघाला तर पेट्रोल वर येतंय, पण पेटत नाही. चोक काढा, प्लग बाहेरच ठेवून मशीन आडवी धरा, भोक खाली करा आणि आठ-दहा वेळा दोरी ओढा, साचलेलं पेट्रोल उडून जाईल. प्लग पुसून उन्हात वाळवा, काजळी पितळी ब्रशनं काढा. प्लगच्या टोकांमधला गॅप साधारण अर्धा मिलिमीटर असावा.

ठिणगी बघायची तर सांडलेलं पेट्रोल पुसून, टाकीचं झाकण घट्ट लावून, सावलीत बघा. प्लग टोपीत बसवा, त्याचं लोखंड सिलिंडरच्या पात्यांना टेकवा, पण भोकापासून लांब. दोरी ओढल्यावर निळी ठिणगी कडक पडली पाहिजे. नाही पडली तर आधी नवा प्लग घालून बघा. तरीही नाही, तर बटणाची वायर किंवा ठिणगीला वीज देणारी कॉइल गेलेली असते.

प्लग कोरडा खडखडीत निघाला तर पेट्रोलच वर येत नाही. टाकीत नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो, तो तारेच्या आकड्यानं बाहेर काढून बघा, नळीला चीर आहे का तेही बघा. पंपिंगचा रबरी फुगा असेल तर तो दाबल्यावर पेट्रोलनं भरला पाहिजे.

पण मला विचाराल तर तुमचा खरा चोर टाकीतलं जुनं पेट्रोल आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. अर्धी टाकी तशीच ठेवून मशीन पावसाळाभर शेतातल्या आखाड्यावर पडली की पाणी आणि इथेनॉल तळाला बसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर जड, तो तळालाच पडलेला. म्हणजे इंजिनला आधी पाणी पाजलं जातं, तेही बिनाऑईलचं. (ज्या उसाचं इथेनॉल होतं तो आपणच कारखान्याला घालतो, आता ओरडायचं कोणावर!) टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला की समजा. थर नाही दिसला तरी चार महिन्यांचं पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

नवं मिश्रण मापानं करा. मशीनच्या पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली ऑईल, २५:१ असेल तर ४० मिली. फवारणीच्या पंपात टाकतो तसं टोपणाच्या अंदाजानं नको. माझ्या पुतण्यानं मोटारसायकलचं पेट्रोल काढून तसंच ओतलं होतं, बिनाऑईलचं. दहा मिनिटांत मशीन बसली. सायलेन्सर खोलून बघितलं तर पिस्टनवर उभ्या रेघाच रेघा.

एअर फिल्टर भुशानं गच्च भरलेला असणारच, तोही झटका.

आता चालू करताना मशीन जमिनीवर ठेवा, चेनचा ब्रेक लावा, मागच्या मुठीत पाय रोवा. चोक लावून दोरी ओढा, आणि एकदा जरी ती भुक् करून खोकली की लगेच चोक अर्ध्यावर घ्या. बहुतेक जण इथंच चुकतात. ती पहिली खोक ऐकू येत नाही आणि पूर्ण चोकवरच ओढत बसतात.

एवढं करूनही प्लग कोरडाच राहिला तर कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक झालेला असतो. त्याचं किट मोंढ्यातल्या दुकानात मिळतं, पण पहिल्यांदा मिस्त्रीकडूनच बसवून घ्या. कार्बोरेटरचे एल आणि एच लिहिलेले बारके स्क्रू तुम्ही अजिबात फिरवू नका. मिस्त्रीकडं जाताना काढलेला प्लग आणि ती काचेची बाटली सोबत घेऊन जा, म्हणजे तो पहिल्याच दिवशी नवी कॉइल तुमच्या गळ्यात मारणार नाही.